यंत्राच्या निर्णयाखाली सही कोणाची?

कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. आमच्या बिबवेवाडीत, अप्पर इंदिरानगरच्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तर या विषयाची स्वतंत्र शाखाच आहे. वस्तीतली काही मुलेमुली हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत नोकरीला आहेत, तर बरीचशी अजून नोकरीच्या शोधात आहेत. अशा वेळी मार्केट यार्डात हमाली करणारे किंवा चार घरची धुणीभांडी करणारे आमचे बांधव-भगिनी विचारतात, "याचा आमच्याशी काय संबंध?" आमचे उत्तर असे की, संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. संगणकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण नोंदवही आम्हाला कळते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे मर्मही नोंदवहीतच आहे. हे यंत्र पूर्वीच्या लाखो नोंदी वाचते, त्यांतली सवय उचलते आणि पुढचा अंदाज बांधते. नवा कारकून जुन्या फायली पाहून काम शिकतो, तसेच हे आहे. फाइल न्यायाची असेल तर शिकवण न्यायाची, फाइल पक्षपाती असेल तर शिकवणही पक्षपाती.

आता आपल्या देशातील जुन्या फायली कशा आहेत ते पाहा. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय गेला नाही. तुरुंगात जातीवरून काम वाटून देण्याची पद्धत तर परवापरवापर्यंत नियमपुस्तकांत होती. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नियम घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्यास सांगितले. प्रजासत्ताक होऊन ७४ वर्षे उलटल्यावर हा रकाना गेला! पण रकाना खोडला तरी त्याच्या आधारे झालेल्या नोंदी उरतातच. त्या नोंदी वाचून शहाणे झालेले यंत्र कोणाकडे बोट दाखवील, हे वेगळे सांगायला नको.

हा प्रश्न दूरचा नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पोलिसांसाठी 'मार्व्हल' नावाची सरकारी कंपनी नागपुरात स्थापन केली. डिसेंबर २०२५ मध्ये मुंबईत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांच्या उपस्थितीत 'महाक्राइम ओएस' या तपास-प्रणालीची माहिती देण्यात आली. नागपूरच्या २३ पोलीस ठाण्यांत सुरू झालेली ही प्रणाली राज्यातील १,१०० ठाण्यांत नेण्याचे जाहीर झाले.

आम्ही यंत्राचे विरोधक नाही. अॅट्रॉसिटी कायद्यानुसार ६० दिवसांत तपास पुरा करून आरोपपत्र दाखल व्हायला हवे. ते वेळेवर व्हावे म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना किती खेटे घालावे लागतात, हे वाचकांना ठाऊकच आहे. यंत्रामुळे ते काम वेळेत होणार असेल, तर त्याचे स्वागत आम्हीच आधी करू. मात्र हे यंत्र कोणत्या नोंदींवर शिकले, त्याची तपासणी कोणी केली आणि ते चुकले तर जबाबदार कोण, हे जनतेला समजले पाहिजे.

नोकरीचेही तेच. अॅमेझॉन कंपनीने उमेदवारांचे अर्ज चाळण्यासाठी एक प्रणाली बनवली होती. मागील दहा वर्षांचे अर्ज हे तिचे पाठ्यपुस्तक. त्यांत पुरुषच जास्त होते, म्हणून यंत्र स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखू लागले. शेवटी कंपनीला तो प्रयोग गुंडाळावा लागला. ही हकिकत २०१८ मध्ये जगापुढे आली. अमेरिकेत स्त्री म्हणून जे घडले, ते इथे आडनाव, वस्तीचा पत्ता किंवा शाळेचे नाव पाहून घडणार नाही, याची हमी कोण देणार?

आता घरातली गोष्ट. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये आपल्या कितीतरी माताभगिनींच्या खात्यात येतात. जुलै २०२५ मध्ये मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले की, निरनिराळ्या खात्यांची माहिती जुळवून पाहता सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे आढळले असून, त्यांचा लाभ जून २०२५ पासून तात्पुरता थांबवला आहे. पुढे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि पात्र ठरणाऱ्यांना लाभ पुन्हा मिळेल, असेही त्यांनी सांगितले. त्यात खरोखर अपात्र लोक होते, अगदी पुरुषही होते. ते वगळलेच पाहिजेत. पण क्रम पाहा. आधी पैसे थांबले, चौकशी नंतर. ही जुळणी साध्या संगणकाची. उद्या हेच काम शिकलेले यंत्र करू लागले, तर कारण सांगणे आणखी कठीण होईल.

शेजारच्या तेलंगणात या घाईचे फळ दिसले. तिथे १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. त्यासाठी संगणकाच्या जुळणीवर भिस्त ठेवली होती. अखेर एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष जागेवर फेरपडताळणी करण्याचा आदेश द्यावा लागला. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत देशातही बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा ठपका आला. संशयित निवडणाऱ्या संगणकाने परदेशी नागरिकत्व हेही संशयाचे कारण धरले होते. त्या प्रकरणावरून जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

उद्योगधुरीण हे जाणत नाहीत असे नाही. संगणक कंपन्यांच्या नॅसकॉम या संघटनेने जून २०२३ मध्ये जबाबदार वापराची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनानेही सात सूत्रे जाहीर केली. त्यांत विश्वास, माणूस आधी, न्याय्यता, उत्तरदायित्व असे सुंदर शब्द आहेत. मात्र निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला प्राधान्य, हेही त्यांतलेच एक सूत्र. आणि ही तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे, तो सल्ला आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत इशारा दिला होता की, घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर तीही वाईट ठरेल. घटनेची ही गत, तर कंपन्यांच्या सूत्रांचे काय? आमच्या कचेरीत पाच रुपयांचे व्हाउचरसुद्धा सहीशिवाय पास होत नाही. मग विधवा मातेचे धान्य बंद करणारा निर्णय बिनसहीचा कसा चालेल? "सिस्टीममध्ये दाखवत नाही" हे उत्तर म्हणजे कारण नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींत मांडतो. पहिली, यंत्राने सुचवलेल्या प्रत्येक प्रतिकूल निर्णयाखाली जबाबदार अधिकाऱ्याचे नाव, सही आणि कारण असावे. दुसरी, लाभ थांबवण्याआधी नोटीस व म्हणणे मांडण्याची संधी मिळावी. तिसरी, यंत्र वापरात आणण्यापूर्वी त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी आणि अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त व स्त्रिया यांवर त्याचा काय परिणाम होतो, तो अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा.

तोवर हातात आहे ते हत्यार वापरावे. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार, प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तीला देणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार, अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारल्यास कारण लेखी मिळाले पाहिजे आणि त्यावर अपील करता येते. तोंडी उत्तर घेऊन घरी परतू नका. अर्जाची पोच जपून ठेवा. प्रत्येक बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर तासभर असे अर्ज लिहून देण्याचे काम शिकलेल्या तरुणांनी अंगावर घ्यावे.

आणि मुलामुलींना हे शास्त्र जरूर शिकवा. आपल्याच पुण्यात सी-डॅकमध्ये 'ऐरावत' हा कृत्रिम बुद्धिमत्तेचा महासंगणक आहे. मे २०२३ मध्ये जगातील पाचशे महासंगणकांत त्याने ७५ वा क्रमांक मिळवला. तो जनतेच्या पैशाने उभा आहे. ज्या खोलीत यंत्राला धडे दिले जातात, त्या खोलीत आपली लेकरे बसली पाहिजेत.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की, केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. त्यात आज एक भर घालूया : केवळ यंत्र सांगते म्हणूनही मानू नका. कारण विचारा, सही मागा.

जयभीम!