वही कोरी राहिली म्हणून मूल आळशी नसते

आमच्या वर्गात, पाचवीत, एक मुलगा होता. तोंडी विचारले की जलचक्र घडाघडा सांगायचा. लिहायला बसवले की अर्ध्या तासात दोन ओळी. उर्दूत बे, पे, ते यांचा फरक फक्त नुक्त्यांचा, आणि ह्याचे नुक्ते कुठेही पडायचे. पुढच्याच तासाला मराठी, म्हणजे हात उलट्या दिशेने चालवायचा. डबा उघडताना सांडायचा, शर्टाची बटणे वरखाली. आम्ही त्याला कामचोर म्हटले, वर्गाबाहेरही उभे केले. चूक आमची होती.

अशा मुलाला डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, म्हणजे डीसीडी असू शकतो. काही जण डिस्प्रॅक्सियाही म्हणतात. शाळेच्या वयातल्या शंभरांपैकी साधारण पाच-सहा मुलांना तो असतो. म्हणजे साठच्या वर्गात तिघे तरी! बुद्धी शाबूत असते. हालचालीची आखणी मेंदूला नीट जमत नाही, म्हणून हात ऐकत नाही. यावर गोळी नाही आणि छडी तर नाहीच. ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामे तोडून तोडून शिकवतात.

घरीही तेच करता येते. कुर्त्याची चार बटणे अम्मीने लावावीत, शेवटचे मुलाला लावू द्यावे. ते जमले की दोन सोडावीत. वुजूचा क्रम ठरलेलाच असतो, तो रोज सोबत करून दाखवला की हाताला सवय होते. मांडीवर वही नको, पुढे पाट ठेवा. आणि शिक्षकांनो, अख्खा फळा उतरवून घ्यायला लावू नका, उत्तर तोंडी घ्या.

कागदाचे कामही आहेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचे नाव आहे. अधिकृत रुग्णालयाचे प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून पालक तपासणीच टाळतात, मुलगी असेल तर जास्तच. मग दहावीचा फॉर्म भरताना पळापळ. ती वेळ येण्याआधी, आठवीपर्यंत तरी दाखवून घ्या.

त्या मुलाचे नंतर आम्ही एवढेच केले: तो सांगायचा, आम्ही लिहायचो. पहिल्याच चाचणीत जलचक्राचे पूर्ण गुण मिळाले.