विश्वास कुठे ठेवायचा? : परक्या रीतीत व्यापार करताना



लोहाऱ्यात उभं राहून परदेशी व्यापाराबद्दल बोलायचं, तर लांबचं उदाहरण शोधायला नको. आपल्या इथल्या एमआयडीसीत डेनिमचं कापड विणलं जातं. 2006 साली रेमंड आणि बेल्जियमची यूको या कंपन्यांनी डेनिमच्या धंद्यात निम्मी-निम्मी भागीदारी केली, तेव्हा गेंट आणि यवतमाळ ही दोन कापसाची गावं एका कागदावर आली. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. शेरभर मालही कधी विकला नाही. पण व्यापाराच्या मुळाशी असलेला एक प्रश्न माझ्याही विषयातला आहे. विश्वास ठेवायचा म्हणजे नेमका कशावर ठेवायचा?

थोडं मागे जाऊ. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर पडली. आपला कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ नावानं विकला जायचा. ऊमरा म्हणजे आपली उमरावती, अमरावती. तिथल्या खरेदीदारानं ना अमरावती पाहिलेली, ना शेतकरी. मग त्यानं भरवसा ठेवायचा कशावर? वजनावर, प्रतीवर आणि कागदावर. त्याच्याजवळ दुसरं होतंच काय?

इकडची रीत वेगळी. अडत्या आणि शेतकरी यांचं नातं पिढ्यांचं. बी-बियाण्याला उचल त्याच्याकडून, लेकीच्या लग्नाला उचल त्याच्याकडून, आणि माल घालायचा तोही त्याच्याकडेच. भरवसा माणसावर. भाव कसा ठरायचा? माझे आजोबा सांगायचे, दोन व्यापारी रुमालाखाली हात धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत. गाडीजवळ उभ्या शेतकऱ्याला दिसायचा फक्त हलणारा रुमाल.

साहेबाला यात लबाडी दिसली. व्यापाऱ्याला यात अब्रू दिसत होती. दोघांचा व्यवहार तिसऱ्यानं का ऐकावा? दोघांचंही थोडं थोडं खरं होतं, असं मला वाटतं. रुमालामुळं व्यापाऱ्याला आडोसा मिळत होता, आणि त्याच रुमालामुळं शेतकऱ्यापुढं अंधार होता. तीच गोष्ट शब्दांची. मुंबईच्या कापूस बाजारात खंडी म्हणजे 784 पौंड, आजचे साधारण 356 किलो. आपल्या गावात खंडी म्हणजे वीस. वीस मण धान्याची खंडी. शब्द एक, मापं दोन. परक्या भाषेचा शब्द कळला नाही तर माणूस विचारतो तरी. ओळखीचा शब्द निघाला की विचारत नाही, आणि फसगत तिथेच होते.

यातून वाट काय निघाली? 1886 मध्ये कारंज्याचा बाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. आपल्या शकुंतला रेल्वेच्या वाटेवरचंच हे कारंजा, बरं का. पुढं 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार समित्या आल्या, दलालाला आणि मापाड्याला परवाना लागू लागला. पण त्या समित्यांवर वजन व्यापाऱ्यांचं. शेतकऱ्याचा प्रतिनिधी नव्हता. दोन संस्कृतींनी बसून नियम केला, आणि ज्याच्या घामाचा माल, तोच बाहेर राहिला! म्हणून परक्याशी करार करताना एक पाहावं, या बैठकीत कोण नाही? समजुतीतल्या चुकीची किंमत बहुधा तोच मोजतो.

आता आजची गोष्ट. माझी एक विद्यार्थिनी सुती पिशव्या शिवून परदेशी पाठवते. तिच्या हाताखाली गावातल्या दहा-बारा बाया आहेत. ग्राहकानं विचारलं, महिनाअखेर माल मिळेल का? तिनं कळवलं, हो, होऊन जाईल. आता आपल्याकडं ‘होऊन जाईल’चा अर्थ काय? माझी इच्छा आहे, मी झटेन, बाकी देवाच्या हाती. समोरच्यानं वाचलं, तारीख पक्की. मधे पाऊस लागला, वीज गेली, माल दहा दिवस उशिरा निघाला. पुढची ऑर्डर गेली आणि त्या बायांच्या हातचं दोन महिन्यांचं काम गेलं. ती मला म्हणाली, “सर, मी खोटं नव्हते बोलले हो.” खरंच नव्हती बोलली. पण ग्राहकाचं पत्र मी वाचलं. त्याचा राग उशिरावर नव्हताच. आधी का नाही सांगितलं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

आपल्याला वाटतं, ‘नाही’ म्हटलं की नातं तुटेल. म्हणून आपण ‘पाहतो’ म्हणतो, आणि समोरचा आपला असेल तर त्यातला नकार त्याला बरोबर कळतो. परक्याला कळत नाही. त्याच्या लेखी वेळेवर सांगितलेलं ‘नाही’ हाच भरवसा. आता ती दर शुक्रवारी लिहून कळवते, काय झालं, काय राहिलं, कुठं अडलंय. वर्षभरानं तोच ग्राहक परत आला. आणि तोही थोडा शिकला. हल्ली तो ‘होईल का?’ असं विचारत नाही. ‘काय अडचण येऊ शकते?’ असं विचारतो. या प्रश्नाला आपला माणूस मोकळेपणानं उत्तर देतो.

म्हणून तरुण मंडळींना माझं सांगणं एवढंच. परका माणूस भेटला की हा विश्वासू आहे का, असा प्रश्न लगेच करू नका. आधी पाहा, हा विश्वास ठेवतो कुठे. माणसात, मापात, की कागदात? तिथे आपला शब्द नेऊन ठेवा. तारीख, वजन, प्रत लिहून घ्या. आणि चहा, विचारपूस, घरची चौकशी हेही सोडू नका. कागदानं व्यवहार टिकतो, पण कागदात न लिहिलेली अडचण येते तेव्हा माणूसच लागतो. माझी विद्यार्थिनी हे शिकली, पण दोन महिन्यांची मजुरी गेली ती त्या बायांची. तुम्ही शिकाल ते कुणाची मजुरी न घालवता शिका.