लॉरेन्सच्या वाळवंटात आपली माणसं कुठे होती?

आज मी घरूनच बोलतोय, म्हणजे भिवंडी-कल्याण रस्त्यावरच्या आमच्या कोन गावातून. मागे ट्रकचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. आजचा सिनेमा आहे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’.

१९६२ सालचा सिनेमा, दिग्दर्शक डेव्हिड लीन, लांबी साडेतीन तासांच्या वर आणि ७ ऑस्कर. खरं सांगू? मी तो पहिल्यांदा लावला मोबाईलवर, दुर्गाडी पुलाच्या ट्रॅफिकमध्ये, रिक्षात बसून. वीस मिनिटांत कंटाळलो आणि बंद केला.

चूक माझी होती. यात एक प्रसंग आहे. दोघंजण विहिरीपाशी थांबलेत. समोर सपाट वाळवंट आणि लांब मृगजळात एक काळा ठिपका थरथरतोय. तो हळूहळू मोठा होतो आणि उंटावरचा माणूस बनतो. तो ओमर शरीफ. कॅमेरामन फ्रेडी यंगने त्यासाठी खूप लांब पल्ल्याची लेन्स वापरली. सिनेमाच मुळात ७० एमएमच्या भल्यामोठ्या पडद्यासाठी बनवलाय. मोबाईलवर तो ठिपका दिसतच नाही, मग मजा कसली येणार? म्हणून सांगतो, घरच्या टीव्हीवर, दिवे मालवून बघा.

यात आपला एक ओळखीचा चेहराही आहे, आय. एस. जोहर. त्यांनी गासिमचं काम केलंय. वाळवंटात मागे राहिलेल्या गासिमला लॉरेन्स जिवावर उदार होऊन परत आणतो, आणि पुढे त्यालाच स्वतःच्या हातांनी गोळी घालतो. प्रत्यक्षात ही दोन वेगवेगळी माणसं होती. सिनेमाने त्यांचं एक पात्र केलं.

आता मला जी गोष्ट सांगायचीय ती सिनेमात नाही. ती घडली सिनेमातली कथा सुरू होण्याच्या थोडी आधी, एप्रिल १९१६ मध्ये, आजच्या इराकमधल्या कुत गावात. तैग्रिस नदीच्या काठी ब्रिटिशांची एक फौज तुर्की वेढ्यात अडकली होती. तिचं नाव ऐका: सहावी पुणे डिव्हिजन! त्यात पंजाबी होते, राजपूत होते, गोरे होते, आणि १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. आज बेळगावात जिचं केंद्र आहे, त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जुन्या पलटणींपैकी या तीन.

वेढा चालला ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. अन्न संपत आलं, तसे घोडे कापले जाऊ लागले. पण धर्म आड येतो म्हणून बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक दिवस खाल्लं नाही. माणसं स्कर्व्हीने खंगत गेली.

शेवटी सुटकेची बोलणी करायला जे ब्रिटिश अधिकारी पाठवले, त्यात एक होता टी. ई. लॉरेन्स. होय, हाच तो! फौज सोडण्याच्या बदल्यात २० लाख पौंडांपर्यंत देण्याची तयारी होती. तुर्की सेनापती खलील पाशाने नकार दिला. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांना वाळवंटातून पायी नेलं. वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले.

याचा अर्थ सिनेमा खोटा आहे असं नाही. तो एका माणसाची गोष्ट सांगतो आणि फार ताकदीने सांगतो. पण कॅमेरा एकावर रोखला की बाकीचे चौकटीबाहेर जातात. त्या बाकीच्यांत आपलेही होते, एवढं बघताना ध्यानात असू द्या.

आणि एक काम करा. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत पहिल्या महायुद्धाची एक पाटी आहे. या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. नुसता आकडा, नावं नाहीत. गावी गेलात की ती शोधा, फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, यातलं कोणी आपलं होतं का? काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात!