प्रदर्शनाचा खोंड : खरारा व धुणें

सुगीचीं कामें हातावेगळीं होऊं लागलीं, म्हणजे यात्रांचे व जनावरांच्या प्रदर्शनांचे दिवस येतात. पंढरपूरची कार्तिकी, खरसुंडीची पौषी, अशा यात्रांत खिल्लार खोंड पाहावयास व घ्यावयास दूरदूरचे शेतकरी जमतात. अशा वेळीं आपला खोंड चार जनावरांत उठून दिसावा, ही इच्छा प्रत्येक मालकास असणें स्वाभाविक आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं असें दिसून येतें कीं, महिनोन्‌महिने ज्या वासराच्या अंगास हात लागलेला नसतो, त्यास प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं ओढ्यावर नेऊन कपड्यांच्या साबणानें खसखसून घासतात, आणि वरून तेलाचा हात फिरवितात. यानें मळ जातो, पण तुकतुकी येत नाहीं. ती कशी येते, आणि ती आणण्याच्या खटपटींत मालकाचा याहून मोठा फायदा कोणता होतो, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

जनावराच्या कातडींत केंसांच्या मुळाशीं बारीक तैलपिंड असतात. त्यांतून झिरपणारा स्निग्ध पदार्थ केंसांवर सारखा पसरला, म्हणजे केंस मऊ राहतात, अंगाबरोबर बसतात व अंग चकाकतें. हा पदार्थ पसरविण्याचें काम खरारा करतो. उलटपक्षीं, सोडा व कपड्यांचा साबण यांनीं तो धुऊन निघतो, केंस राठ होतात व कातडीस कोंडा सुटतो. म्हणून खरारा रोज आणि धुणें क्वचित्, हा पहिला नियम होय.

प्रदर्शनापूर्वीं निदान दोन महिने तरी हें काम सुरू करावें. प्रथम रबरी खराऱ्यानें मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत गोल गोल घासून वाळलेलें शेण, धूळ व मेलेले केंस सुटे करावे. मग मऊ ब्रशानें केंसांच्या वळणानें झाडून काढावें, व शेवटीं कोरड्या जाड फडक्यानें अंग पुसावें. लोखंडी खरारा तोंड, गुडघे, शिंगांचें बूड, अशा हाडाळ जागीं लावूं नये. रोजचीं दहा-पंधरा मिनिटें यास पुरतात. शिवाय वासराची भीड मोडते. पाय उचलला, पोळीस हात लावला, तरी तें बिचकत नाहीं, आणि परीक्षकापुढें शांत उभें राहतें. जो खोंड रिंगणांत उधळतो, त्याची ठेवण परीक्षकास नीट पाहतांच येत नाहीं.

धुणें पंधरा दिवसांतून एकदां पुरे. थंडीच्या दिवसांत उन्हें चांगलीं वर आल्यावरच धुवावें, म्हणजे दिवस कलण्यापूर्वीं अंग खडखडीत वाळतें. आदल्या रात्रीं रिठे भिजत घालून सकाळीं उकळावे, व गाळलेल्या पाण्याचा फेंस वापरावा. हा फेंस डोळ्यांत गेल्यास फार झोंबतो, म्हणून तोंड केवळ ओल्या फडक्यानें पुसावें. कानांत पाणी जाऊं देऊं नये. पाणी एकदम पाठीवर न ओततां पायांपासून वर जावें, म्हणजे वासरूं दचकत नाहीं. फेंस पुरता निघेपर्यंत स्वच्छ पाणी घालावें. पोळीच्या घडींत व जांघेंत राहिलेल्या फेंसानें खाज सुटते. शेपटीचा गोंडा वेगळा भिजवून, रुंद दांत्यांच्या फणीनें टोंकाकडून वर उकलीत जावा; वरून खालीं ओढल्यास केंस तुटतात.

सर्व जातींस एकच माप लावूं नये. खिल्लाराचे केंस आंखूड व बारीक असतात. त्यावर शेणाचा डाग चटकन् दिसतो, पण ओल्या फडक्यानें तितक्याच चटकन् निघतो. खिल्लार वासराचें टाळकें जन्मतः तांबूस असतें, व हा रंग दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो. तो मळ समजून घासणें व्यर्थ होय. इगतपुरी-अकोल्याकडील डांगी जनावराच्या कातडींतून तेलकट स्राव अधिक येतो, आणि डोंगरांतील मुसळधार पावसांत तोच त्याचें रक्षण करतो. त्यास रिठ्यानें वरचेवर धुणें म्हणजे त्याची घोंगडी हिरावून घेणें होय. त्यास खरारा व फडकें हींच पुरेशीं आहेत. थंड देशांतील हेरफोर्ड, अँगस इत्यादि जातींचे लांब केंस फुलवून व कातरून अंग भरदार दाखविण्याची तिकडे रीत आहे. आमच्या आंखूड केंसांच्या जनावरांस ती लागू नाहीं.

आतां मोठ्या फायद्याकडे वळूं. जो हात रोज वासराच्या अंगावरून फिरतो, त्यास रोग प्रथम कळतो. कानाच्या आंत, पोळीच्या घडींत, जांघेंत व शेपटीच्या बुडाशीं गोचीड लपतात. गोचीडतापानें संकरित वासरें विशेषेंकरून दगावतात. गोचिडाची मादी अंडीं जनावरावर न घालतां गोठ्याच्या भेगांत घालते. म्हणून नुसतें अंग साफ करून भागत नाहीं, भिंतीच्या भेगाही लिंपल्या पाहिजेत. औषध लावणें तें पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणेंच लावावें, कारण वासरूं आपलें अंग चाटतें. डोळ्यांभोंवतीं व मानेवर केंस गळून राखी खपलीचे गोल चट्टे दिसल्यास तो नायटा समजावा. तो खराऱ्याबरोबर एका जनावरावरून दुसऱ्यावर जातो, व माणसांसही होतो. याकरितां प्रदर्शनांत शेजाऱ्याचा खरारा मागूं नये व आपला देऊं नये.

तसेंच अंगावर हातास गाठी लागून ताप असल्यास लंपी चर्मरोगाची शंका घ्यावी. हा रोग भारतांत प्रथम २०१९ सालीं ओडिशांत आढळला. २०२२ सालीं तो महाराष्ट्रांत फैलावला, तेव्हां गुरांचे बाजार व प्रदर्शनें बंद ठेवावीं लागलीं. चावणाऱ्या माशा, डांस व गोचीड यांच्या द्वारें तो पसरतो. असा खोंड कितीही देखणा असला, तरी त्यास वेगळा बांधून पशुवैद्यास बोलवावें. यात्रेचा विचार त्या वर्षीं सोडून द्यावा. एका मालकाच्या हौसेपायीं दहा गांवच्या दावणी रिकाम्या होऊं नयेत.

महिनाभर खरारा करूनही केंस उभे व निस्तेज राहिले, तर दोष पोटांत शोधावा. जंतांनीं खंगलेल्या वासराच्या केंसांस तेज येत नाहीं. चाऱ्यांत तांब्याचा अंश कमी पडल्यास केंसांचा रंग उडतो. अशा वेळीं शेणाची तपासणी करवावी, खनिज मिश्रण सुरू करावें, व साधल्यास जवसाची थोडी पेंड द्यावी.

कांहीं लोक केंसांस रंग फासतात, व्रण काजळीनें झांकतात, किंवा तेलाचा थर देऊन धुळीस आमंत्रण देतात. परीक्षकानें ओलें फडकें फिरविलें कीं हें सोंग उतरतें. पण एखादे वेळीं तें खपलें, तर काय होतें? प्रदर्शनांत नांवाजलेला खोंड पुढें गांवचा वळू होतो, आणि त्याचा दोष आपल्याच शेजाऱ्यांच्या गोठ्यांत पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. धुण्यानें जनावर आहे तसें दिसावें. नाहीं तें दाखवूं नये.

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे मळणारा आमचा शेतकरी या सेवेस नवखा नाहीं. तीच सेवा त्यानें वर्षांतून एकदां न करतां रोज थोडी करावी, आणि येत्या हंगामांत एका तरी वासरावर तिचा अनुभव घ्यावा, अशी आमच्या वाचकांस विनंती आहे.