ओट्याकडे कललेलं खोड

मुक्ताईनगरात अंगणासाठी झाड निवडायचं ते मे महिन्यात. पावसाळ्यात रोपवाटिकेतलं प्रत्येक रोप देखणं दिसतं. पारा ४५ अंशांवर गेला, काळ्या जमिनीत मनगट जाईल एवढ्या भेगा पडल्या, की कोणात किती दम आहे ते कळतं.

आमच्या घरापुढची जागा जेमतेम १२ फूट बाय १५. वरून विजेची तार, एका कडेला ओटा. निंब इथे मावणार नाही. बुडापासूनच तीन-चार खोडांनी फुटलेलं, छाटून १०-१२ फुटांवर राखता येईल असं झाड हवं होतं. अशा झाडाने अंगण कोंडत नाही. खोडांमधून रस्ता दिसतो, वारा खेळतो.

तगर बारमाही हिरवी, पण उन्हाळाभर पाणी मागते. आमच्या चिकण मातीत पाणी साचलं की चाफ्याची मुळं कुजतात. डाळिंबाचे काटे येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरखडतात. उरला पारिजातक. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवर तो आपसूक वाढतो. उन्हाळ्यात त्याची पानं झडतात, सावली हवी तेव्हाच तो उघडा पडतो. पण पाण्याची ओढ असते त्या महिन्यांत तो फारसं मागतही नाही. मला हे पटलं.

“ताई, हे न्या, सरळ वाढलंय,” रोपवाटिकेतल्या काकांनी डोक्याएवढं रोप पुढे केलं. मी बुडाशी बसून एक खोड हलवलं. बाकीची दोन जागची हलली नाहीत. एकाच पिशवीत तीन वेगळी रोपं लावलेली होती. मोठी झाली की ती पाण्यासाठी आपसात भांडतात. दुसऱ्या रोपाची खोडं एकाच बुडातून आलेली, पण दोन अगदी चिकटून. अशा अरुंद बेचक्यात साल आत दबते, लाकूड नीट सांधत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर इथे केळीच्या बागा आडव्या करणारं वादळ येतं; त्या वाऱ्यात झाड फाटतं ते तिथूनच.

शेवटी कोपऱ्यातलं गुडघ्याएवढं रोप काढलं. तीन खोडं, एकमेकांपासून फाकलेली, एक बरंच कललेलं. फूल नव्हतं, पण ओळख काडीतच होती: कोवळी फांदी चिमटीत फिरवली की चौकोनी कडा लागत होत्या, पान काचपेपरसारखं खरखरीत. पिशवीच्या तळाशी मुळांनी वेटोळं घातलेलं नव्हतं.

ज्येष्ठात संत मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघाली, त्या आठवड्यात दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेतला. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, म्हणून भिंतीपासून सहा फूट लांब. मातीत मुरूम आणि जुनं शेणखत मिसळलं. आषाढात पाऊस जमिनीत मुरल्यावर रोप वीतभर उंचवट्यावर लावलं, बुडाशी पाणी थांबू नये म्हणून. लावताना कललेलं खोड ओट्याकडे वळवलं.

त्याला आता चार वर्षं झाली. आईचे गुडघे वाकत नाहीत, आणि जमिनीवर पडलेलं फूलही देवाला चालतं, तो मान पारिजातकाचा. श्रावणात पहाटे त्या खोडाची फुलं ओट्यावरच गळतात. आई भिंतीला टेकून बसते आणि केशरी देठांची फुलं एकेक करून परडीत वेचते.