तिची जादू, त्याचे गुपित

रात्रीची वेळ आहे. शाळेत जाणारी एक लाजाळू मुलगी आपल्या खोलीत कापडी मेंढीशी गप्पा मारीत बसली आहे. शाळेतल्या एका मुलाविषयी तिच्या मनात ओढ आहे, पण तो समोर आला की तोंडातून शब्द फुटत नाही, हे ती मेंढीला सांगते. मेंढी सारे ऐकते. तिला बोलताही येते. फक्त खरे बोलता येत नाही, कारण मेंढीच्या रूपात बसलेला तो मुलगाच आहे.

'नानात्सुइरो ड्रॉप्स' म्हणजेच 'सप्तरंगी थेंब' या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलच्या कथेचा हा गाभा. ती २००६ साली जपानमध्ये संगणकासाठी प्रसिद्ध झाली. मराठी नाट्यरसिकांना हा प्रसंग फारसा परका वाटू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या 'संगीत सौभद्र'मध्ये सुभद्रा ज्या यतीची सेवा करते, तो तिचा अर्जुनच असतो. प्रेक्षकाला ते ठाऊक असते, सुभद्रेला नसते, आणि नाटकाची सारी गंमत त्या अंतरात असते. वेषांतरित प्रियकराची ही जुनी युक्ती जपानी लेखकांनी जादूच्या कथेत बसवली. तेथे ती नुसती गंमत न राहता एक अवघड प्रश्नही उभा करते.

कादंबरी की खेळ?

व्हिज्युअल नॉव्हेल हा कादंबरी आणि संगणकीय खेळ यांच्या सीमेवरचा प्रकार आहे. पडद्यावर पार्श्वभूमीचे चित्र असते; शाळेचा वर्ग, रेल्वे स्थानक किंवा बाग. त्यापुढे बोलणाऱ्या पात्राचे चित्र येते आणि संवादाप्रमाणे त्याच्या चेहऱ्यावरचे भाव बदलतात. खालच्या चौकटीत मजकूर उमटतो, बटण दाबले की पुढचे वाक्य येते. जोडीला संगीत आणि बहुधा अभिनेत्यांचे आवाज असतात. वाचकाचा बहुतेक वेळ वाचण्यातच जातो.

मधूनच कथा थांबते आणि वाचकापुढे दोन-तीन पर्याय ठेवले जातात. बागेत जायचे की ग्रंथालयात? खरे सांगायचे की विषय बदलायचा? अनेक कथांमध्ये संगणक प्रत्येक उत्तराची नोंद ठेवतो आणि या नोंदींच्या बेरजेवर पुढची वाट ठरते. एका वाटेवर एका नायिकेशी सूर जुळतात, दुसऱ्या वाटेवर दुसरीशी. काही वाटांचा शेवट अपयशात होतो. म्हणूनच असे पुस्तक एकदा वाचून संपत नाही. वाचक मागे वळतो, दुसरा पर्याय निवडतो आणि त्याच दिवसांची वेगळी कहाणी वाचतो.

या प्रकाराची पाळेमुळे ऐंशीच्या दशकात सापडतात. युजी होरी यांचा 'पोर्टोपिया' हा खुनाच्या तपासाचा संगणकीय खेळ १९८३ मध्ये आला. पुढे १९९२ साली चुनसॉफ्ट या कंपनीने 'ओतोगिरिसो' ही भयकथा 'साउंड नॉव्हेल' म्हणून काढली. लीफ या संस्थेने १९९६ पासून आपल्या कथांसाठी 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव वापरले आणि तेच रूढ झाले. दरम्यान १९९४ मध्ये कोनामीच्या 'तोकिमेकी मेमोरियल'ने शालेय प्रेमकथेचा खेळ घरोघरी नेला होता. हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आणि नव्वदीच्या अखेरीस शालेय प्रेमाची विनोदी कथा हा व्हिज्युअल नॉव्हेलचा एक हमखास साचा बनला.

जादूगार मुलीची परंपरा

जादूगार मुलीची परंपरा याहून जुनी आहे. 'बिविच्ड' ही अमेरिकी मालिका १९६६ मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झाली. संसार करणाऱ्या चेटकिणीची ती गोष्ट होती. तिच्यापासून प्रेरणा घेऊन मित्सुतेरु योकोयामा यांनी 'सॅली' ही बालजादूगारीण निर्माण केली आणि त्याच वर्षी तिच्यावरची चित्रमालिका सुरू झाली. पुढे १९६९ मध्ये आलेल्या 'अक्को-चान'ने जादूच्या आरशाची कल्पना रूढ केली. सामान्य मुलगी आरशापुढे इच्छा बोलून दाखवते आणि हवे ते रूप घेते. आपल्याकडे 'शरारत' ही हिंदी मालिका २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हा जादू लपवताना कॉलेजकन्येची होणारी त्रेधा मराठी घरांनीही पाहिली. तो विनोद याच जातकुळीचा.

पण जादू आणि प्रेम यांची खरी गुंतागुंत १९८३ सालच्या 'क्रीमी मामी' या मालिकेत दिसली. यू ही दहा वर्षांची मुलगी जादूने तरुण गायिका बनते. तिला आवडणारा तोशिओ त्या गायिकेवर लुब्ध होतो आणि खऱ्या यूकडे मात्र त्याचे लक्ष नसते. स्वतःचीच प्रतिस्पर्धी व्हावे लागणे, ही प्रेमकथेतली विलक्षण कोंडी होती. नाओको ताकेउची यांच्या 'सेलर मून'ने तिला दुहेरी पीळ दिला. उसागी ज्या मामोरूशी रस्त्यात भांडते, तोच मुखवटा लावून तिच्या मदतीला धावणारा वीर असतो. त्यालाही ती कोण, हे आरंभी ठाऊक नसते.

या साऱ्या कथांमध्ये एक गोष्ट समान आहे. जादू मुलीच्या हाती असते आणि ती कशी वापरायची, हे तीच ठरवते. मुलगा बहुधा कडेला उभा असतो. या कथांची मुख्य वाचक-प्रेक्षक असलेल्या लहान मुलींना त्यातून जे मिळाले, ते कमी महत्त्वाचे नव्हते. दृश्याच्या केंद्रस्थानी कृती करणारी मुलगी होती.

दोन परंपरांची गाठ

शालेय प्रेमाच्या व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये परिस्थिती नेमकी उलटी असते. कथा मुलाच्या नजरेतून सांगितली जाते, निवडीचे बटण त्याच्या, म्हणजे वाचकाच्या, हाती असते आणि मुली निवडल्या जाण्याची वाट पाहत असतात. जादूगार मुलीला अशा कथेत आणले, तर कथा नेमकी कोणाची?

'नानात्सुइरो ड्रॉप्स'ने यावर शोधलेली तोड चतुर आहे. नायक मासाहारु त्सुवाबुकी हा चारचौघांत न मिसळणारा मुलगा. चुकून भलतेच पेय प्यायल्यामुळे त्याची कापडी मेंढी होते. दिवसा तो माणसाच्या रूपात शाळेत वावरू शकतो, पण अंधार पडला की पुन्हा मेंढी. शापातून सुटायचे, तर निवडलेल्या मुलीने ताऱ्यांचे सात थेंब गोळा केले पाहिजेत. ती मुलगी म्हणजे शाळेच्या बागकाम मंडळातील सुमोमो आकिहिमे. आणखी एक अट अशी की, मेंढी कोण आहे हे उघड झाले, तर तो कायमचा मेंढीच राहणार.

जादूकथेत नायिकेला सल्ला देणारा एखादा छोटा प्राणी असतोच. येथे नायकालाच त्या जागी बसवले आहे. लढणे, धावणे, थेंब पकडणे, सारे सुमोमोने करायचे. त्याने धीर द्यायचा आणि तिच्या यशाची वाट पाहायची. जो एरवी 'निवडणारा' असतो, तो येथे तिच्यावर अवलंबून आहे. या कथेचा बराचसा विनोद या अदलाबदलीतून येतो.

तथापि अवघड प्रश्न याच ठिकाणी उद्भवतो. सुमोमो मेंढीपाशी जे बोलते, ते तिने त्या मुलाला सांगितलेले नसते. रात्री तिचे मन ऐकून दुसऱ्या दिवशी तो तिच्यासमोर उभा राहतो, तेव्हा तिच्या मनाचा नकाशा त्याच्या खिशात असतो आणि तिला त्याची गंधवार्ता नसते. वाचक त्याच्याच नजरेने पाहत असल्यामुळे तोही या लबाडीत सामील होतो. गुपित जितके लांबते, तितका विनोद वाढतो. पण विश्वासाचे देणेही वाढत जाते.

मेंढीच राहण्याची अट कथेत आहे, ती यासाठी. अट नसती, तर मौन हा निव्वळ भित्रेपणा ठरला असता. अटीमुळे सत्याला किंमत येते. खरे सांगायचे, तर स्वतःचे माणूसपण पणाला लावावे लागते. प्रेमाची कबुली म्हणजे केवळ 'तू मला आवडतेस' हे वाक्य नव्हे, 'तू जे विश्वासाने सांगत होतीस, ते ऐकणारा मीच होतो' हे वाक्यही त्यात आले. त्यांतले दुसरे वाक्य अधिक जड आहे.

निवड कोणाची?

अर्थात ही तोड अर्धीच आहे, हेही नोंदवले पाहिजे. वाचकाने दुसरी वाट धरली की कथा दुसऱ्या मुलीकडे वळते आणि सुमोमोचे प्रेम त्या वाटेवर मागे पडते. तिच्या भावनांचा निकाल शेवटी दुसऱ्याच्या बटणावर लागतो. हा दोष एका कथेचा नाही. वाटांवर उभारलेल्या या साऱ्या रचनेचा आहे.

त्याला उत्तरे निरनिराळ्या दिशांनी आली. कोएई कंपनीच्या रुबी पार्टी या महिलांच्या गटाने १९९४ मध्येच 'अँजेलिक' हा मुलींसाठीचा प्रेमकथेचा खेळ काढला. त्यात निवड मुलीची आहे आणि तीही खडतर: विश्वाची राणी व्हायचे की प्रेम स्वीकारायचे?

दुसरे उत्तर एका धाकट्या बहिणीने दिले. 'ट्रँगल हार्ट ३' या २००० सालच्या प्रेमकथेच्या खेळात नानोहा ही नायकाची लहान बहीण होती, म्हणजे दुय्यम पात्र. पुढच्या वर्षीच्या पूरक आवृत्तीत गंमत म्हणून तिला जादू देण्यात आली. मासाकी त्सुझुकी यांच्या लेखणीतून २००४ मध्ये 'लिरिकल नानोहा' ही चित्रमालिका आली, तेव्हा केंद्रस्थानी नानोहा होती. तिची आणि फेट या प्रतिस्पर्धी मुलीची मैत्री हाच कथेचा कणा बनला. मूळ खेळातला निवड करणारा भाऊ कडेला गेला.

या मालिकेचे दिग्दर्शक आकियुकी शिनबो यांनीच २०११ मध्ये 'मादोका मॅजिका' दिग्दर्शित केली. तिचे लेखक गेन उरोबुची हे व्हिज्युअल नॉव्हेलच्या क्षेत्रातून आलेले. या बारा भागांच्या मालिकेत एक मुलगी मैत्रिणीला वाचवण्यासाठी तेच दिवस पुन्हा पुन्हा जगते. दर वेळी वेगळा मार्ग धरते आणि दर वेळी हरते. व्हिज्युअल नॉव्हेलचा वाचक मागे वळून दुसरा पर्याय निवडतो, तेव्हा त्याला काहीच सोसावे लागत नाही. येथे त्या मागे वळण्याची किंमत एका पात्राला मोजावी लागते.

पालकांसाठी एक गोष्ट

अ‍ॅनिमे आता आपल्या शहरांतील अनेक घरांत पोहोचले आहे आणि मुले एका मालिकेवरून तिच्या मूळ खेळापर्यंत सहज जातात. म्हणून एक बाब स्पष्ट केली पाहिजे. 'नानात्सुइरो ड्रॉप्स' आणि 'ट्रँगल हार्ट ३' या दोहोंच्या मूळ संगणकीय आवृत्त्या केवळ प्रौढांसाठी होत्या. त्या काळी या व्यवसायात तीच रीत होती. मग लोकप्रिय कथांतला तो भाग वगळून प्लेस्टेशनसारख्या घरगुती यंत्रांसाठी आवृत्ती काढली जाई, आणि त्यावरून दूरचित्रवाणी मालिका होई. 'सप्तरंगी थेंब'ची मालिका २००७ मध्ये आली. तेव्हा नाव एकच असले, तरी आवृत्ती कोणती, हे पाहणे आवश्यक आहे. मुखपृष्ठावरच्या गोंडस मेंढीवरून ते कळत नाही. जपानमध्ये २००२ पासून घरगुती यंत्रांवरील खेळांना वयोगटाचे प्रमाणपत्र देणारी स्वतंत्र संस्था आहे. त्या खुणेकडे लक्ष देण्याची सवय मुलांना आणि पालकांनाही असावी.

एवढी काळजी घेतल्यावर या प्रकाराकडे पोरकट म्हणून पाठ फिरवण्याचे कारण उरत नाही. अशा कथा लिहिण्याचे साधनही आज दुर्मीळ नाही. 'रेनपाय' ही २००४ पासूनची प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे आणि जगभरातील हौशी लेखक तिच्यावर आपल्या भाषेत कथा रचतात. संगणकाशी मैत्री असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ती शिकता येईल.

'सौभद्र'मध्ये यती हाच अर्जुन असल्याचे उघड होते, तेव्हा प्रेक्षक सुखावतो, कारण सुभद्रेला हवे होते तेच मिळालेले असते. मेंढीची कथा त्याच सुखाकडे निघते, पण तिची वाट अधिक अडचणीची आहे. तेथे खरे सांगायचे की नाही, हे ठरवण्यासाठी थांबलेला असतो तो वाचक, बटणावर बोट ठेवून.