मुंग्यांच्या घरी बिऱ्हाड

सुतारपक्षी म्हटला म्हणजे वाळक्या खोडावर टकटक चोच मारून आतील अळ्या काढणारा पक्षीच श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच कुळातील तांबूस सुताराची उपजीविका मुख्यत्वेकरून मुंग्यांवर चालते. आकाराने हा सुमारे २५ सेंटिमीटर. अंग तांबूस-तपकिरी, पंखांवर व शेपटीवर काळे आडवे पट्टे, आणि चोच काळी व आखूड. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत आणि पूर्वेस जावा-बोर्निओपर्यंत त्याचा संचार आहे. सह्याद्रीतील दमट अरण्यांतही तो आढळतो.

या अरण्यांत झाडांच्या फांद्यांवर मोठ्या चेंडूएवढी, कागदाच्या लगद्यासारखी दिसणारी घरटी असतात. क्रेमॅटोगॅस्टर नावाच्या बारीक मुंग्या वनस्पतींचे तंतू चावून ती बांधतात. घरट्यास धक्का लागताच या मुंग्या पोटाचे टोक पाठीवर उभारून शत्रूवर तुटून पडतात. असे असूनही तांबूस सुतार घरटे फोडतो आणि लांब, चिकट जिभेने मुंग्या, त्यांची अंडी व कोश टिपून घेतो. या झटापटीत कित्येक मुंग्यांची मुंडकी त्याच्या शेपटीच्या पिसांना चिकटून राहतात. तोंडास रुचिपालट म्हणून की काय, पांगारा व सावर यांच्या फुलांतील मध, वडा-उंबरांची फळे आणि केळीच्या पानांच्या बुडाशी पाझरणारा रसही त्यास चालतो.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. विणीच्या दिवसांत हा पक्षी मुंग्यांच्या नांदत्या घरट्यालाच भोक पाडून आत दोन-तीन पांढरी अंडी घालतो. एरवी कडकडून चावणाऱ्या त्या मुंग्या त्याच्या अंड्यांस वा पिलांस उपद्रव देत नाहीत. ज्यांना खावयाचे, त्यांच्याच घरी बिऱ्हाड करावयाचे, असा हा विलक्षण शेजार होय!

मात्र अन्न व आसरा एकाच ठिकाणी असणे जितके सोयीचे, तितकेच धोक्याचेही आहे. केरळातील वायनाड भागात सावलीच्या झाडांखाली कॉफी पिकवितात. तेथील बागांत या मुंग्या तांबूस सुताराचे व इतर वनपक्ष्यांचेही महत्त्वाचे अन्न आहेत, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. चावऱ्या मुंग्यांचा त्रास नको म्हणून त्यांची घरटी जाळली अथवा औषध फवारून नष्ट केली, तर या सुताराचे ताट आणि पाळणा दोन्ही एकदमच जातात. पक्षी राखावयाचा तर आधी मुंगीस जागा दिली पाहिजे.